‘लाइन’ कुठून कुठे जाते

शिळफाटा म्हटले की ठाणेकरांना कल्याण–मुंब्र्याकडचा फाटा आठवतो. इथे बोलायचे आहे ते रायगड जिल्ह्यातल्या, खालापूर तालुक्यातल्या, खोपोलीच्या शिळफाट्याबद्दल. जुना मुंबई–पुणे रस्ता इथून बोरघाटाकडे चढतो, म्हणून नाक्यावर ट्रकवाले, टेम्पोवाले, कारखान्यातले कामगार आणि लोकल पकडायला निघालेली कॉलेजची पोरे यांची सदा वर्दळ असते. इथली बोली कान देऊन ऐकली, की एक इंग्रजी शब्द फार ठिकाणी सापडतो. “घाटात ही लाइन लागलीय,” असे वरून उतरलेला ड्रायव्हर म्हणतो. “लाइन आली का तुमच्याकडे?” असे अंधारात बसलेला दुकानदार शेजारच्याला विचारतो. कुणी “कर्जत लाइनला राहायला गेलो” म्हणून सांगतो, कुणी “धाकटा एकदाचा लाइनीला लागला” म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. फोनवरचा माणूस “जरा लाइनवर राहा” म्हणतो.

ही वाक्ये जशीच्या तशी इंग्रजीत नेली, तर यांपैकी बहुतेकांचा अर्थ लंडनच्या माणसाला कळणार नाही. शब्द इंग्रजीच आहे, तरीही कळणार नाही. उलट शाळेत ‘लाइन म्हणजे रेषा, ओळ’ एवढे पाठ केलेला आपला विद्यार्थी इंग्रजी वर्तमानपत्र उघडतो, तेव्हा त्यात हाच शब्द त्याला जागोजागी अडवतो. माझे म्हणणे असे आहे, की ‘लाइन’ हा आपल्याकडे एकच शब्द म्हणून आलेला नाही. तो चार-पाच वेगवेगळ्या कामांबरोबर चार-पाच वेळा आला, आणि प्रत्येक वेळी त्या कामाचा अर्थ अंगावर घेऊन आला. शब्दकोशात हे सगळे अर्थ एकाखाली एक छापलेले असतात, पण ते माणसांच्या तोंडी कसे बसले हे समजायचे, तर ती कामे जवळून पाहावी लागतात. कर्जत–खालापूरसारखा त्यासाठी सोयीचा मुलूख दुसरा नाही. रेल्वेची लाइन, विजेची लाइन आणि पाण्याची पाइपलाइन या तिन्ही गोष्टी देशात अगदी आरंभी ज्या भागांत आल्या, त्यांत हा भाग आहे.

आधी मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस, अळशी. वनस्पतिशास्त्रात जवसाचे नाव आजही ‘लिनम युसिटॅटिसिमम’ असेच आहे. आपण जवस तेलासाठी आणि चटणीसाठी पिकवतो; युरोपात त्याच्या खोडाचा वाख काढून धागा करत आणि त्या धाग्याचे कापड विणत. ते कापड म्हणजे लिनन. या धाग्याची ताणलेली दोरी ती ‘लिनेआ’, आणि तीच पुढे इंग्रजीत ‘लाइन’ झाली. म्हणजे लाइन हा शब्द मुळात कागदावरच्या रेघेचा नव्हे, ताणलेल्या दोरीचा आहे. दोरी दोन टोकांना धरून ताणली की ती सरळ होते, आणि सरळपणाचा अर्थ त्या दोरीतून आला.

मराठीला हे नवे नाही. आपल्याकडे हेच काम ‘सूत’ करते. गवंडी ‘एका सुतात’ विटा लावतो, माणूस ‘सुतासारखा सरळ’ येतो, दोघांचे ‘सूत जुळते’. सुतार ज्या मापाला सूत म्हणतात ते इंचाचा आठवा भाग असते. इंग्रजीतही ‘लाइन’ नावाचे एक जुने माप होते, इंचाचा बारावा भाग. दोन दूरच्या भाषांनी धाग्यावरून सरळपणा घेतला आणि धाग्यावरूनच बारीक मापही घेतले. हे साम्य मला फार मोलाचे वाटते, कारण ते हाताने काम करणाऱ्यांनी घडवलेले आहे. आज खोपोलीतल्या कुठल्याही बांधकामावर गवंड्याकडे ‘लाइनदोरी’ असते. भिंतीच्या दोन टोकांना दोन विटा पक्क्या बसवायच्या, त्यांच्यामध्ये दोरी ताणायची आणि मधला थर त्या दोरीला धरून रचायचा. उभ्या सरळपणासाठी ओळंबा, आडव्यासाठी लाइनदोरी. पायाची आखणी करताना दोरी ताणून तिच्याकडेने चुन्याची फक्की टाकतात, त्याला सगळे ठेकेदार ‘लाइनआउट’ म्हणतात. ‘लाइनदोरी’ या शब्दात दोरी दोनदा आली आहे, पण ते बोलताना कुणाला खटकत नाही, आणि खटकायचे कारणही नाही.

याच जवसाच्या कापडातून इंग्रजीत आणखी एक वाट फुटली. कोटाला आतून लिननचे अस्तर लावत, म्हणून अस्तर लावणे हेही ‘लाइन’च झाले. आपला शिंपी ‘लायनिंग’ म्हणतो ते हेच. त्यामुळे इंग्रजी बातमीत एखाद्या पुढाऱ्याने आपले खिसे ‘लाइन’ केले असे वाचले, तर तिथे रेघ शोधू नये. खिशाला पैशाचे अस्तर लावले, म्हणजे खिसे भरले, एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत ‘लाइन’ खऱ्या अर्थाने रुजली ती आगगाडीबरोबर. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि 1856 साली पळसदरीवरून खोपोलीपर्यंत रूळ आले. 1858 साली घाटावर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला बोरघाट तेव्हा बांधून व्हायचा होता. मुंबईहून पुण्याला निघालेला उतारू खोपोलीला उतरे, पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. 1863 साली पळसदरी–खंडाळा हा घाटमार्ग सुरू झाला, तो पुण्याचा थेट रस्ता ठरला आणि खोपोली फाट्यावर राहिली. आजही कर्जतपुढे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली अशी एकेरी लाइन जाते.

घाटाचा चढ काही ठिकाणी सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, इतका तीव्र आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावण्याची रीत पडली. या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात, आणि ती जोडेपर्यंत गाडी थांबते म्हणून कर्जतचा बटाटावडा महाराष्ट्रभर गेला. पण शब्दांच्या दृष्टीने घाटातली खरी गंमत आहे ती ‘अप’ आणि ‘डाउन’ची. बोरघाट चढून लोणावळ्याला जाणारी गाडी ‘डाउन’ लाइनीची, आणि घाट उतरून कर्जतला येणारी ‘अप’ लाइनीची! ब्रिटिश रेल्वेत मुख्य शहराकडे जाणे म्हणजे वर जाणे, मग जमीन कशीही असो. त्यांच्याकडे ते शहर लंडन होते, इथे मुंबई झाली. साडेपाचशे मीटरचा चढ चढणाऱ्या गाडीला ‘खाली’ म्हणणारी ही भाषा उंची मोजत नाही, हुद्दा मोजते. कोकणी माणूस मात्र अजूनही ‘घाटावर’ जातो आणि घाटावरचा ‘खाली कोकणात’ उतरतो. आपली बोली डोंगर पाहून बोलते, रेल्वेची मुंबई पाहून.

रेल्वेने मराठीला दिलेला सगळ्यांत पक्का वाक्प्रचार म्हणजे ‘लाइन क्लिअर’. आज लग्नाला घरच्यांची संमती मिळाली तरी आपण “लाइन क्लिअर आहे” म्हणतो, पण मूळ अर्थ जिवाशी निगडित आहे. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. म्हणून गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनला विचारतो आणि पुढचा मास्तर आपल्याकडची वाट मोकळी असल्याची खात्री करून ‘लाइन क्लिअर’ देतो. देशातल्या पुष्कळ एकेरी मार्गांवर त्याची खूण म्हणून यंत्रातून एक लोखंडी गोळा निघे. कातडी पिशवीत घातलेला, मोठ्या कडीला अडकवलेला तो गोळा ड्रायव्हरच्या हातात पडल्याखेरीज गाडी पुढे हलत नसे, आणि तो पुढच्या स्टेशनच्या यंत्रात परत गेल्याखेरीज दुसरा गोळा निघत नसे. धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ती कडी दंडात अडकवून घेणारा माणूस ज्यांनी पाहिला, त्यांना ‘लाइन क्लिअर’ या दोन शब्दांचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. इंग्लंडमध्येही हे दोन शब्द रेल्वेचेच, पण ते तिथे रेल्वेबाहेर फारसे पडले नाहीत. आपल्याकडे ते स्टेशनाबाहेर पडले आणि घराघरांत गेले.

त्याच रेल्वेने ‘लाइन’ला पत्त्याचाही अर्थ दिला. मुंबईच्या परिसरात माणूस वेस्टर्न लाइनचा, सेंट्रल लाइनचा किंवा हार्बर लाइनचा असतो. सेंट्रलमध्येही कल्याणपुढे कसारा लाइन वेगळी आणि कर्जत लाइन वेगळी. स्थळ बघताना “मुलगा आपल्याच लाइनचा आहे” असे म्हटले, की येण्याजाण्याची सोय, घराचा भाव, लोकलची गर्दी आणि सकाळी किती वाजता उठावे लागेल, हे सगळे त्यात आलेच. इंग्रजीत माणसाला असे लाइनीवरून ओळखत नाहीत.

विजेची लाइन यानंतर सुमारे साठ वर्षांनी आली, आणि तीही खोपोलीतूनच निघाली. लोणावळ्याकडचे पाणी अडवण्याच्या टाटांच्या योजनेची कोनशिला 1911 साली बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथल्या तलावांचे पाणी घाटमाथ्यावर आणायचे आणि प्रचंड पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या जनित्रांवर सोडायचे, अशी ही योजना. 1915 साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. ती नेण्यासाठी खोपोली ते परळ सुमारे सत्तर किलोमीटर मनोऱ्यांची रांग उभी राहिली. जनित्र फिरवून झालेले पाणी पाताळगंगेत सोडले जाते, आणि त्यावर खालच्या गावांची शेती, नळयोजना आणि पुढे कारखानेही उभे राहिले. 1922 साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. शहरी कचेरीत “काम पाइपलाइनमध्ये आहे” म्हणतात, तेव्हा ते काम कुठेतरी वाटेत आहे एवढेच कळते. घाटाच्या कड्यावरून उतरणारे नळ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांच्यासाठी पाइपलाइनमध्ये असणे म्हणजे प्रचंड दाबाखाली असणे.

विजेने ‘लाइन’चा अर्थ पुन्हा बदलला. तार ही लाइन होतीच. हळूहळू तारेतून वाहते ती वीजही लाइन झाली. विदर्भात सर्रास ‘लाइन गेली’ म्हणतात, इकडे ‘लाइट गेली’ जास्त ऐकू येते, पण ‘लाइन बंद आहे’, ‘लाइन चालू आहे’, ‘थ्री फेजची लाइन रात्री येते’ हे सगळीकडे आहे. इंग्रजीत ‘लाइन’ जाऊ शकत नाही. तार तर खांबावरच असते. मराठीने तारेचे नाव तिच्यातल्या प्रवाहाला दिले, आणि ज्याला रात्री पंपावर जायचे असते त्या शेतकऱ्याला हाच अर्थ कामाचा आहे.

या लाइनीचा माणूस म्हणजे लाइनमन. पावसाळ्यात खालापूर–कर्जतकडे पहिल्या वादळात झाड तारेवर पडते, डीपीवर फ्यूज उडतो, आणि गाव अंधारात जाते. लाइनमन खांबावर चढण्याआधी उपकेंद्राकडून लाइन बंद करून घेतो, त्याचे परमिट घेतो, तारेला अर्थिंग करतो, आणि मगच हात लावतो. काम संपल्यावर सगळी माणसे खाली उतरली हे डोळ्यांनी पाहून तो परमिट परत करतो आणि “लाइन द्या” म्हणून कळवतो. स्टेशन मास्तरच्या ‘लाइन क्लिअर’सारखीच इथेही लाइन ही तारेपेक्षा मोठी गोष्ट आहे. ती माणसाने माणसाला दिलेली खात्री आहे. ज्या कामात शब्दाचा अर्थ चुकला तर माणूस दगावतो, त्या कामातले शब्द नेमके असतात. पावसात भिजत खांबावर चढलेल्या माणसाला “लाइन कधी येणार?” म्हणून खालून ओरडून विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

तिसरी वाट लष्कराची. कंपनी सरकारच्या छावणीत शिपायांच्या झोपड्या रांगेने असत, त्यांना ‘लाइन्स’ म्हणत. त्यावरून गोऱ्या मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती ‘सिव्हिल लाइन्स’ झाली. नागपुरात ती आजही त्याच नावाने आहे. पोलिसांच्या वसाहतीला आपण ‘पोलीस लाइन’ म्हणतो आणि तिथे वाढलेल्या मुलांना ‘लाइनीतली पोरे’. यातला सर्वांत सुंदर नमुना इथून जवळच, पनवेलला आहे. तिथल्या एका जुन्या वस्तीचे नाव ‘लाइन आळी’. संस्कृतात ‘आलि’, ‘आवलि’ म्हणजे रांग. दीपावली म्हणजे दिव्यांची रांग, नामावली म्हणजे नावांची, आणि पिढ्यांची रांग ती वंशावळ. ‘आळी’ म्हणजेही रांगेने वसलेली घरे. इंग्रजी रांग आणि मराठी रांग एकाच पाटीवर शेजारी बसल्या आहेत. इंग्रजीतही वंशाला ‘लाइन’ म्हणतात, तेव्हा ‘राजघराण्याची लाइन’ हा अर्थ समजायला वंशावळ आठवली तरी पुरे.

टेलिफोनबद्दल फार बोलायला नको, कारण मोबाइलने तार काढून टाकली. तरी ‘लाइन लागत नाही’, ‘लाइन कट झाली’ हे शब्द तार गेल्यावरही राहिले आहेत. ‘लाइनवर राहा’ हे इंग्रजीतून सरळ उचललेले आहे, आणि आता ते इतके आपले झाले आहे की त्याला हटकण्यात अर्थ नाही.

मग उरतात ते अर्थ, जे मराठीने स्वतः घडवले. ‘लाइनीला लागणे’ म्हणजे मार्गी लागणे. ‘वाईट लाइनीला लागणे’ म्हणजे वाया जाणे. ‘लाइनीवर आणणे’ म्हणजे वठणीवर आणणे. ‘ती आपली लाइन नाही’ म्हणजे तो आपला धंदा नाही; हा शेवटचा अर्थ इंग्रजीतही आहे. ‘लाइन मारणे’ मात्र इंग्रजीत नाही. तिथे एखाद्यावर छाप पाडायला म्हटलेले तयार वाक्य म्हणजे ‘लाइन’. आपल्याकडे लाइन मारायला बोलावे लागत नाही, नुसते बघितले तरी चालते. इथे मराठीने शब्दाला आपले व्याकरणही चढवले. ‘लाइन’ स्त्रीलिंगी झाली, बहुवचनात ‘लाइनी’ झाली, विभक्तीत ‘लाइनीत’, ‘लाइनीला’ झाली, बोलीत ‘लायनीत’ झाली. परका शब्द लिंग आणि विभक्ती घेतो, तेव्हा त्याला परका म्हणणे थांबवावे.

म्हणूनच इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना सांगावे लागते, की तुमची लाइन आणि त्यांची लाइन या आता दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्याकडे ‘ड्रॉ द लाइन’ म्हणजे रेघ ओढणे खरे, पण अर्थ ‘यापुढे चालणार नाही’ असे बजावणे; आपली लक्ष्मणरेषा त्याच्या जवळची, फक्त ती दुसऱ्याच्या रक्षणासाठी ओढलेली आहे. ‘टो द लाइन’मध्ये पायाची बोटे रेषेला लावून उभे राहायचे आहे, म्हणजे पक्षाचा किंवा साहेबाचा हुकूम निमूट पाळायचा. ‘रीड बिटवीन द लाइन्स’ म्हणजे न लिहिलेले ओळखणे. ‘बॉटम लाइन’ ही जमाखर्चाच्या तळाची ओळ, जिथे नफा की तोटा ते कळते. म्हणून कुठल्याही गोष्टीचा निर्णायक मुद्दा. ‘हुक, लाइन अँड सिंकर’ गिळणारा मासा गळ, दोरी आणि वजन सगळेच गिळतो, तसा थापेवर पुरता विश्वास ठेवणारा माणूस. इथे लाइन पुन्हा मूळच्या दोरीकडे गेली आहे.

‘डेडलाइन’ची हकिकत भीषण आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 साली, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तळ होता. कुंपणाच्या आत काही फुटांवर एक हलका लाकडी कठडा घातलेला होता. ती रेषा जो ओलांडेल त्याला पहारेकऱ्याने गोळी घालावी असा हुकूम होता, आणि तिचे नावच ‘डेड लाइन’ होते. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी तो शब्द बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी घेतला. आज आपण प्रकल्प अहवालाची डेडलाइन म्हणतो, वीजबिलाची म्हणतो. मराठीत ‘मुदत’ हा शब्द आहे, तो कुणाच्या रक्ताने भिजलेला नाही, आणि मी तोच वापरतो.

शेवटचा प्रश्न असा, की इतक्या लाइनी आल्यावर मराठीचे स्वतःचे शब्द कुठे टिकले? जिथे मन लागलेले आहे तिथे टिकले. अभंगाला चरण असतो, कवितेला ओळ असते. तिथे लाइन म्हटलेली कानाला बोचते. जेवायला पंगत बसते, लाइन बसत नाही. तळहातावर रेषा असते आणि पाटीवर रेघ. वहीच्या बाबतीत मात्र आपण हरत आलो आहोत. दुरेघी आणि चाररेघी या नेमक्या शब्दांची जागा दुकानात ‘डबल लाइन’, ‘फोर लाइन’ने घेतली आहे.

आणि टिकले ते कबड्डीत. रायगड हा कबड्डीचा जिल्हा. गावच्या मैदानावर सामन्याआधी मुले दोरी ताणून फक्कीने मैदान आखतात. मधली ती मध्यरेषा. पुरुषांच्या मैदानात तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, आणि त्यापलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. चढाई करणाऱ्याने कुणाला स्पर्श केला नसेल, तर किमान निदान रेषा तरी ओलांडली पाहिजे, नाहीतर तो बाद. इंग्रजीत तिला ‘बॉक लाइन’ म्हणतात, त्या शब्दावरून नवख्याला काही कळत नाही. ‘निदान’ म्हणजे निदानपक्षी, कमीत कमी एवढे तरी, हे मराठी मुलाला शिकवावे लागत नाही. नावातच नियम आहे. दूरचित्रवाणीवरच्या सामन्यांनंतर ‘बॉक लाइन’ आणि ‘बोनस लाइन’ पोरांच्या तोंडी येऊ लागले आहेत. गावच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहणाऱ्यांनी आणि मैदान आखायला शिकवणाऱ्यांनी ‘निदान रेषा’ हाच शब्द मोठ्याने म्हणत राहावे, ही माझी त्यांना विनंती आहे.